बिनखर्ची होकार

वैद्यकीय महाविद्यालयांत प्रश्नावली फिरवून केलेल्या पाहण्यांचा एक साचा ठरून गेला आहे. विषय कोणताही घ्या, शेवटी चार वाक्ये हाती लागतात. विद्यार्थ्यांची माहिती अपुरी आहे. वृत्ती मात्र सकारात्मक आहे. आड येतो तो संकोच. उपाय एकच, विषय अभ्यासक्रमात घ्यावा. निरोगी माणसाच्या विष्ठेतले सूक्ष्मजीव रुग्णाच्या आतड्यात सोडण्याचा जो उपचार आहे, ज्याला डॉक्टर मंडळी एफएमटी म्हणतात, तो या साच्यात फारच सहज बसतो. उपचार नवा वाटतो, विष्ठेचे नाव काढताच वर्गात खसखस पिकते आणि निष्कर्ष आधीच लिहून ठेवता येतो.

मला ही चारही वाक्ये उथळ वाटतात. माझे म्हणणे असे आहे: एफएमटीच्या बाबतीत भावी डॉक्टरांची किळस हा किरकोळ प्रश्न आहे, काळजी करावी ती त्यांच्या होकाराची. कोणत्या रोगात, कोणाच्या विष्ठेने, कोणत्या तपासण्यांनंतर आणि कोणत्या पुराव्यावर, या अटी ज्याला सांगता येत नाहीत, त्याचा होकार आणि नकार दोन्ही सारखेच कुचकामी आहेत. आपल्या प्रश्नावल्या नेमक्या या अटी गाळून बाकी सगळे विचारतात.

१. ऐकले म्हणजे कळले नव्हे

‘एफएमटीबद्दल तुम्ही ऐकले आहे का?’ या प्रश्नाला ‘हो’ म्हणणाऱ्यांची टक्केवारी म्हणजे जागरूकता, असे धरले जाते. एमबीबीएसच्या विद्यार्थ्याने हे नाव कुठे ऐकलेले असते? सूक्ष्मजीवशास्त्राच्या पुस्तकात क्लोस्ट्रिडिऑइड्स डिफिसील, म्हणजे ‘सी. डिफ’, या जंतूवर थोडा मजकूर असतो. त्याच्या उपचारांच्या यादीत अगदी शेवटी एफएमटी असते. नीट-पीजीची तयारी करताना तीच ओळ पुन्हा भेटते: पुन्हा पुन्हा उलटणारा सी. डिफ, उत्तर एफएमटी. एवढ्या भांडवलावर विद्यार्थी ‘ऐकले आहे’ या खान्यात खूण करतो. त्याचे काही चुकत नाही, त्याला तेवढेच विचारले आहे.

याच्या पुढचा प्रश्न विचारून पाहावा. हा उपचार याच रोगात का चालतो? उत्तर ज्याला येते त्याला रोगाची गोष्ट कळलेली असते. क्लिंडामायसिन, सेफॅलोस्पोरिन, क्विनोलोन अशा प्रतिजैविकांनी आतड्यातली मुक्कामाची वस्ती उठते. सी. डिफचे बीजाणू मात्र टिकतात, मोकळी जागा मिळताच रुजतात आणि त्यांच्या विषांनी मोठे आतडे सोलवटून निघते. मग व्हँकोमायसिन द्यायचे. ते वाढणाऱ्या जंतूंना मारते, पण बीजाणूंना हात लावू शकत नाही आणि उरलीसुरली चांगली वस्तीही उठवते. औषध थांबले की साधारण पाचांतल्या एकाचा रोग उलटतो, आणि एकदा उलटला की पुन्हा उलटण्याची शक्यता वाढत जाते. ज्या औषधाने बरे करायचे तेच पुढच्या फेरीची जमीन भुसभुशीत करते, असा हा पेच आहे. वस्ती परत बसवणे ही त्यातून सुटण्याची तर्कशुद्ध वाट आहे.

ही वाट सिद्धान्तातून सापडली नाही. डेन्व्हरच्या बेन आइसमन आणि सहकाऱ्यांनी १९५८ मध्ये आतड्याच्या प्राणघातक दाहाच्या चार रुग्णांना विष्ठेचा एनिमा दिल्याचे प्रसिद्ध केले. या दुखण्यामागे सी. डिफ आहे हे त्यानंतर वीस वर्षांनी, १९७८ च्या सुमारास उलगडले. पुरावा म्हणण्याजोगा पुरावा मिळायला २०१३ उजाडले. त्या वर्षी नेदरलँड्समधल्या चाचणीचे निकाल आले: दात्याच्या विष्ठेचे द्रावण नळीने लहान आतड्यात सोडलेल्या १६ रुग्णांपैकी १३ जण पहिल्याच खेपेत बरे झाले आणि उरलेल्या तिघांतले दोघे दुसऱ्या खेपेत. नुसत्या व्हँकोमायसिनवर १३ पैकी ४ जण बरे झाले. फरक इतका ढळढळीत होता की चाचणी मध्येच थांबवली गेली.

इथवर आलेला विद्यार्थी बरे वाटून थांबतो, आणि खरी गंमत तर पुढेच आहे. नेमके काम कोण करते? विरजण लावावे तसे चांगले जंतू घातले आणि आतडे पूर्ववत जमले, ही उपमा व्याख्यानात हमखास येते. ती सोपी आहे आणि फसवी आहे. आतड्यातले काही जीवाणू पित्ताम्लांचे रूप पालटतात, आणि ही पालटलेली पित्ताम्ले सी. डिफला वाढू देत नाहीत. म्हणजे कोण राहायला आले यापेक्षा तिथले रसायन बदलले हे महत्त्वाचे असू शकते. जर्मनीतल्या कील शहरात तर २०१७ मध्ये पाच रुग्णांना जिवंत जीवाणू गाळून काढलेले विष्ठेचे द्रावण दिले, आणि त्यांची लक्षणेही गेली. पाच रुग्णांवरून सिद्धान्त उभा राहत नाही, हे खरे. पण ज्या विरजणात विरजणच नाही त्यानेही दही लागत असेल, तर उपमा टाकून द्यायला हवी.

मानवी शरीरात पेशींच्या दहापट जीवाणू असतात, हे वाक्यही मायक्रोबायोमच्या, म्हणजे शरीरातल्या सूक्ष्मजीवांच्या वस्तीवरच्या, प्रत्येक व्याख्यानात असते. २०१६ मध्ये इस्रायल आणि कॅनडातल्या संशोधकांनी हिशेब पुन्हा मांडला, तेव्हा जीवाणू सुमारे ३८ लाख कोटी आणि आपल्या पेशी सुमारे ३० लाख कोटी निघाल्या. दहापट कुठल्या कुठे गेली. तरी ते वाक्य स्लाइडवरून हलत नाही. अशा वाक्यांनाही प्रश्नावलीत ‘माहिती’चे गुण मिळतात, ही माझी पहिली तक्रार आहे.

२. किळसेचा बागुलबुवा

आता तिसरे वाक्य: आड येतो संकोच. हे सगळ्यांना इतके पटते की तपासावेसे कोणाला वाटत नाही.

किळस खरी असते, याबद्दल वाद नाही. पॉल रोझिन आणि सहकाऱ्यांचा १९८६ चा प्रयोग प्रसिद्ध आहे. चॉकलेटचा तोच गोड पदार्थ कुत्र्याच्या विष्ठेच्या आकारात समोर ठेवला, तर ते चॉकलेटच आहे हे माहीत असूनही लोक खायला कचरतात. ज्ञानाने किळस जात नाही, असा त्याचा एक अर्थ. मग माहिती दिली की वृत्ती सुधारेल, ही आपल्या पाहण्यांची आशा मुळातच कच्ची ठरते.

पण किळस असणे वेगळे आणि तिने निर्णय बदलणे वेगळे. टोरँटोत २०१२ मध्ये १९२ रुग्णांना एक काल्पनिक प्रसंग देऊन निवड करायला सांगितली होती. उपचाराचे फक्त यश सांगितले तेव्हा ८५ टक्क्यांनी तो पसंत केला. हा उपचार विष्ठेचा आहे हे सांगितल्यावर आकडा ८१ वर आला. घट इतकी थोडी की संख्याशास्त्राने ती मोजण्यात धरली नाही. गोळीच्या रूपात मिळेल म्हटल्यावर ९० टक्के, आणि ‘तुमच्या डॉक्टरांचा सल्ला असेल तर?’ असे विचारल्यावर ९४ टक्के. त्याच गटाने पुढे डॉक्टरांना विचारले. हा उपचार रुग्णांपुढे न मांडण्याच्या कारणांत ‘रुग्णांना ते किळसवाणे वाटेल’ हे कारण बऱ्याच डॉक्टरांनी दिले. रुग्णांना जितके नकोसे वाटते त्याहून कितीतरी अधिक नकोसे वाटेल, असा डॉक्टरांचा अंदाज होता.

रात्रंदिवस जुलाबांनी पिळून निघालेला माणूस शिसारीचा विचार शेवटी करतो. शिसारीचा विचार करायला फुरसत असते ती गादीवरच्या रुग्णाला नव्हे, गादीशेजारी उभ्या असलेल्याला. डॉक्टर आपली किळस रुग्णाच्या खात्यात जमा करतो आणि तिला रुग्णाची इच्छा म्हणतो. म्हणून ‘तुम्हाला किळस वाटते का?’ हा प्रश्न विद्यार्थ्याला विचारून फारसे काही मिळत नाही. ‘तुमच्या रुग्णाला किती किळस वाटेल असा तुमचा अंदाज आहे?’ हे विचारावे, आणि मग रुग्णांनाही विचारून दोन्ही उत्तरे शेजारी ठेवावीत. त्यातून काहीतरी शिकण्यासारखे निघेल.

३. भांडे कोण उचलतो?

वरची पाहणी कॅनडातली आहे. आपल्याकडे किळसेला आणखी एक मजला आहे आणि त्याचा उल्लेख या अभ्यासांत सहसा सापडत नाही. आपल्या समाजाने विष्ठेबद्दलची किळस पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक जातींच्या माणसांवर ढकलली. हाताने मैला उचलायला लावण्यास बंदी घालणारा आणि अशा माणसांच्या पुनर्वसनाचा सध्याचा कायदा २०१३ चा, म्हणजे त्या नेदरलँड्सच्या चाचणीच्याच वर्षातला आहे. त्याआधीचा १९९३ चा कायदा पुरला नाही म्हणून तो करावा लागला.

रुग्णालय या व्यवस्थेबाहेर नाही. आपल्या सरकारी रुग्णालयाच्या वॉर्डात बेडपॅन उचलतात त्या मावशी, रुग्णाला पुसून काढतात ते मामा. त्यांतले कितीतरी कंत्राटी असतात. विद्यार्थ्याचा विष्ठेशी संबंध येतो तो ‘स्टूल रूटीन पाठवा’ एवढ्यापुरता. गुदमार्गाची तपासणी हे तर प्रत्येक डॉक्टरचे मूलभूत काम. केस पेपरवर ‘पीआर: एनएडी’, म्हणजे तपासले, दोष नाही, असे लिहिलेले असते आणि बोट मात्र गेलेले नसते, हे इंटर्नशिप केलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. असा विद्यार्थी पाच खान्यांच्या मोजपट्टीवर ‘एफएमटी करायला माझी पूर्ण तयारी आहे’ या विधानापुढे ‘पूर्ण सहमत’ अशी खूण करतो, तेव्हा त्याने नेमके काय कबूल केले? नमुना कोणी घ्यायचा, वजन करून मिठाच्या पाण्यात कोणी घुसळायचा, गाळायचा कोणी, उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवण्याआधी नळ्या भरायच्या कोणी आणि शेवटी ते भांडे धुवायचे कोणी? ही कामे दुसऱ्याच्या हाताने होणार हे त्याच्या मनात इतके गृहीत आहे की त्याच्या होकाराला काही किंमतच मोजावी लागत नाही.

महाराष्ट्राला हा विचार परका नाही. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात अप्पासाहेब पटवर्धनांनी मैला-सफाईचे काम स्वतःसाठी मागितले, ते नाकारले गेले म्हणून अन्न सोडले, आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी येरवड्यात गांधीजींनीही उपवास धरला. पुढे कणकवलीच्या गोपुरीत त्यांनी संडासाच्या प्रश्नावर आयुष्य वेचले. किळसेबद्दलची वृत्ती त्यांनी मोजपट्टीवर नोंदवली नाही, हातांनी नोंदवली. विद्यार्थ्यांकडून अशा त्यागाची अपेक्षा मी करत नाही. पण जो उपचार विष्ठा हाताळण्यावर उभा आहे, त्याच्याविषयीची ‘वृत्ती’ मोजताना हाताळणाऱ्याची जात आणि नोकरी मोजमापाबाहेर ठेवणे ही पद्धतीतली चूक आहे. ती फार मोठी चूक आहे. दात्यांपासून रुग्णांपर्यंत सगळ्यांच्या सुरक्षिततेची चर्चा होते. प्रयोगशाळेतल्या मदतनिसाला हातमोजे पुरेसे मिळतात का, हे कोणत्या प्रश्नावलीत असते?

४. होकाराचा धोका

समजा, किळस संपली. सगळे विद्यार्थी उत्साहाने तयार आहेत. मग काय होईल?

भारतात सी. डिफ पुन्हा पुन्हा उलटून आलेला रुग्ण पाश्चात्त्य देशांइतका दिसत नाही; त्याची चाचणीही सगळीकडे होत नाही. म्हणजे ज्या रोगात पुरावा भक्कम, तो आपल्याकडे कमी. मग हा उत्साह वळतो दुसरीकडे. त्यातला सगळ्यात गंभीर आणि आदराने घ्यावा असा प्रयत्न अल्सरेटिव्ह कोलायटिस या मोठ्या आतड्याच्या जुनाट दाहातला आहे. लुधियानाच्या दयानंद मेडिकल कॉलेजमध्ये अजित सूद आणि सहकाऱ्यांनी त्यावर वर्षानुवर्षे काम केले आहे. दिल्लीच्या एम्सने २०२२ मध्ये एफएमटीला विशिष्ट आहाराची जोड देऊन नियंत्रित चाचणी प्रसिद्ध केली. दिल्लीच्याच यकृत संस्थेत मद्यजन्य यकृतदाहावर प्रयोग झाले. हे काम भारतात होते आहे याचा अभिमान वाटावा असेच आहे.

पण आकडे वाचायला शिकले पाहिजे. कॅनडातल्या हॅमिल्टनची २०१५ ची चाचणी घ्या. कोलायटिसच्या ३८ रुग्णांपैकी ९ जणांचा रोग शमला, तर नुसते पाणी दिलेल्या ३७ पैकी दोघांचा. म्हणजे २४ टक्के विरुद्ध ५ टक्के. सी. डिफमधल्या आकड्यांशेजारी हे ठेवून बघा. शिवाय याच चाचणीत मध्यंतरी ‘यातून काही निष्पन्न होणार नाही’ असे ठरवून नवी भरती थांबवली होती. आधी दाखल झालेल्यांचे उपचार पूर्ण झाले तेव्हा फरक दिसला. आणि बरे झालेल्या नऊपैकी सात जणांना एकाच दात्याची विष्ठा मिळालेली होती. यातून उपचार सिद्ध झाला की एक दाता सिद्ध झाला? हा प्रश्न ज्याला पडत नाही, त्याने वृत्तीच्या प्रश्नावलीत पैकीच्या पैकी गुण मिळवले तरी माझ्या आतड्यापासून दूर राहावे.

आटिझमचे उदाहरण अधिक अस्वस्थ करणारे आहे. अॅरिझोनातला २०१७ चा अभ्यास जगभरच्या पालकांनी वाचला. मुले १८, आणि तुलनेसाठी खोट्या उपचाराचा गट नाही. अशा अभ्यासाने प्रश्न उभा राहतो, उत्तर मिळत नाही. स्टेम सेलच्या नावाने हतबल पालकांचा जो बाजार आपण पाहिला, त्याच दुकानात उद्या आतड्यातल्या जंतूंची बाटली आली तर तिच्यापुढे उभा राहून ‘थांबा’ म्हणणारा डॉक्टर हवा. तो ‘सकारात्मक वृत्ती’च्या मोजपट्टीवर नापास होईल.

५. दाता निरोगी म्हणजे काय

२०१९ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने इशारा दिला: एफएमटीनंतर दोन रुग्णांच्या रक्तात औषधांना दाद न देणारे ईएसबीएल ई. कोलाय सापडले आणि त्यांतला एक दगावला. दोघांची प्रतिकारशक्ती आधीच क्षीण होती. दोघांना मिळालेल्या कॅप्सूल एकाच दात्याच्या होत्या. दाता धडधाकट होता. ईएसबीएलसाठी विष्ठा तपासण्याचा नियम त्या संशोधनात नंतर आला आणि नियम येण्याआधी बनवून ठेवलेल्या कॅप्सूल पुन्हा तपासल्या गेल्या नाहीत. त्या डॉक्टरांकडे ज्ञान होते, वृत्ती होती, किळस नव्हती. नव्हती ती फ्रीझरमधल्या जुन्या साठ्याकडे परत जाण्याची एक कंटाळवाणी पायरी.

ही घटना भारतात आणून ठेवली की प्रश्न दसपट होतो. आपल्याकडे निरोगी, हिंडत्याफिरत्या माणसांच्या आतड्यातही ईएसबीएल जंतू सर्रास आढळतात. चिठ्ठीशिवाय प्रतिजैविके विकण्याला लगाम घालणारे शेड्यूल एच-१ येऊन दशक उलटले, तरी दुकानातून प्रतिजैविक मागून घेण्याची सवय गेलेली नाही. अमिबाच्या पुटी, जिआर्डिया, हेलिकोबॅक्टर हे वेगळेच. या सगळ्या चाळण्या लावल्यावर दाता उरतो का, हा भारतातल्या एफएमटीचा पहिला प्रश्न आहे. अमेरिकेतल्या स्टूल बँकेतसुद्धा इच्छुक दात्यांपैकी फारच थोडे शेवटच्या चाळणीत टिकत. आपल्या विद्यार्थ्याला मात्र विचारले जाते, ‘तुम्ही दान कराल का?’ तो मोठ्या मनाने ‘हो’ म्हणतो. गेल्या तीन महिन्यांत तू प्रतिजैविक घेतलेस का, असे विचारले असते तर दानाचा प्रश्न तिथेच मिटला असता. वॉर्डात वावरणाऱ्या विद्यार्थ्याच्या आतड्यात रुग्णालयातले जंतू असण्याची शक्यता जास्त, म्हणून दाता निवडताना आरोग्यसेवकांना वगळण्याकडे कल असतो, हेही त्याला त्याच प्रश्नातून कळले असते.

शिवाय ‘निरोगी आतडे’ याचे माप कोणाचे लावायचे? पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान संस्थेत योगेश शौचे आणि सहकाऱ्यांनी भारतीयांच्या आतड्यातल्या जीवाणूंचा अभ्यास केला, त्यात प्रिव्होटेलासारख्या जीवाणूंचे प्रमाण पाश्चात्त्यांपेक्षा जास्त दिसते. बोस्टनचा आदर्श दाता आणि बीडचा आदर्श दाता एकसारखे असतील असे धरून चालता येत नाही. हा मुद्दा लांबवत नाही. पण आपल्याच राज्यात यावर काम झालेले असताना मराठी विद्यार्थ्याला फक्त परदेशी आकडे पाठ असावेत, हे खटकते.

६. अपेक्षित आक्षेप

पहिला आक्षेप मार्गदर्शक प्राध्यापकांचा असेल: ‘ही सुरुवात आहे. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांनी दोन महिन्यांत केलेल्या पाहणीकडून एवढी अपेक्षा कशाला?’ मुलांकडून नाही, मार्गदर्शकांकडून आहे. व्हॉट्सअॅपच्या गटावर गुगल फॉर्म टाकायचा, ज्यांना रस आहे ते भरतात, त्यांची टक्केवारी काढायची आणि तिला ‘वैद्यकीय विद्यार्थी’ म्हणायचे, ही सवय विद्यार्थ्याला संशोधनाच्या पहिल्याच पायरीवर लागते. पुढे तोच तज्ज्ञ होऊन चुकीच्या नमुन्यावर उपचार ठरवतो. आणि ‘हा विषय अभ्यासक्रमात यावा का?’ या प्रश्नाला ‘नको’ म्हणून हात कोण वर करणार? ज्या प्रश्नाचे उत्तर विचारण्याआधी ठाऊक आहे तो प्रश्न वगळण्याइतके कष्ट तरी घ्यावेत.

दुसरा आक्षेप: एफएमटी हे पोटविकारतज्ज्ञाचे काम, एमबीबीएसच्या मुलांना इतके खोलात कशाला न्यायचे? यात तथ्य आहे, आणि म्हणूनच ‘अभ्यासक्रमात घ्या’ या शिफारशीला माझा विरोध आहे. २०१९ पासूनच्या क्षमताधारित अभ्यासक्रमात आधीच खूप भरले आहे. पण या उपचाराला लागणारे शहाणपण सर्वसामान्य आहे: प्रतिजैविक विनाकारण न लिहिणे, रुग्णाची इच्छा गृहीत न धरणे, छोट्या अभ्यासावरून मोठा दावा न करणे. वृत्ती, नीती आणि संवाद यांसाठीचा एटकॉम हा भाग त्याच अभ्यासक्रमात आहे. त्यातल्या एका तासाला एफएमटीचा प्रसंग घेतला तरी पुरे.

तिसरा आक्षेप अभिमानातून येतो: ‘यात नवे काय? आमच्याकडे पंचगव्य होतेच.’ चीनमध्येही चौथ्या शतकात गे हाँगने विषबाधा आणि तीव्र जुलाबांवर माणसाच्या विष्ठेचे द्रावण सुचवले होते. जुन्या माणसांनी प्रयोग केले याचे कौतुक जरूर करावे. पण गाईचे शेण आणि तपासलेल्या मानवी दात्याची विष्ठा यांत जंतूही वेगळे, रोगही वेगळा आणि पुरावाही वेगळा. वर्गात असा प्रश्न आला तर हसून सोडून देऊ नये. पुरावा मागण्याची हीच वेळ असते.

चौथा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. ‘हा वाद लवकरच जुना होईल. आता कारखान्यात बनलेली औषधे आली आहेत.’ खरे आहे. एफडीएने नोव्हेंबर २०२२ मध्ये गुदमार्गाने देण्याचे रेबायोटा आणि एप्रिल २०२३ मध्ये तोंडाने घ्यायच्या वाउस्ट या कॅप्सूल मंजूर केल्या. ऑस्ट्रेलियानेही २०२२ मध्ये आपले उत्पादन मंजूर केले. कॅप्सूलमुळे किळस जवळजवळ संपते. तरी दाता माणूसच राहतो, तपासण्या त्याच राहतात आणि एक नवा प्रश्न येतो तो किमतीचा. वाउस्ट बाजारात आले तेव्हा त्याच्या एका कोर्सची अमेरिकेतली जाहीर किंमत सुमारे १७,५०० डॉलर होती. कच्चा माल फुकटचा आणि औषध लाखोंचे, हे गणित कोणी मांडायचे? ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०२२ मध्ये एफएमटीची शिफारस केली, तीही सरसकट नव्हे: सी. डिफ दोन किंवा अधिक वेळा उलटून आलेल्या प्रौढांसाठी. युरोपीय संघाने २०२४ च्या नियमावलीत असा मानवी पदार्थ रक्त आणि ऊतींच्या रांगेत आणला. अमेरिका मात्र त्याला औषध मानते. रक्त मानले तर दानाचे नियम लागू होतात आणि पैसे देऊन दाता आणण्यावर प्रश्न उभा राहतो. औषध मानले तर परवाने आणि पेटंट येतात. धंदेवाईक रक्तदात्यांवर सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९८ पासून बंदी असलेल्या देशात हा फरक किती मोठा आहे, हे विद्यार्थ्याला समजू शकते. त्याला ते विचारले पाहिजे एवढेच.

७. मग काय विचारावे?

वृत्ती मोजायची असेल तर निर्णय घ्यायला लावावा. एक प्रसंग द्यावा: सत्तर वर्षांच्या आजी, मूत्रमार्गाच्या संसर्गासाठी क्विनोलोन घेतलेले, सी. डिफ तिसऱ्यांदा उलटलेला, दाता म्हणून नातू तयार. दुसरा द्यावा: तेवीस वर्षांचा तरुण, कोलायटिस, इंटरनेटवर वाचून आलेला, ‘घरीच मिक्सरमध्ये करू का?’ असे विचारणारा. तिसरा: आटिझम असलेल्या मुलीची आई, हातात जाहिरात. तिन्ही ठिकाणी एकच उत्तर देणारा विद्यार्थी नापास, मग ते उत्तर ‘हो’ असो की ‘नाही’. नातवाच्या कोणत्या तपासण्या कराल, कोणत्या आजारात त्याला नाकाराल, आजींना समजावताना ‘विष्ठा’ हा शब्द कधी आणि कसा उच्चाराल, द्रावण तयार करणाऱ्या मदतनिसाला काय संरक्षण द्याल, दोन वर्षांनी आजींना काही झाले तर नोंद कुठे सापडेल? २०१५ मध्ये अमेरिकेत एका स्त्रीचे वजन एफएमटीनंतर बरेच वाढल्याची नोंद झाली, तिची दात्री तिची मुलगी होती, जिचे वजन जास्त होते. वजन त्यामुळेच वाढले असे सिद्ध झालेले नाही. पण कोणीतरी नोंद ठेवली म्हणून तो प्रश्न तरी विचारता आला.

अशा प्रश्नावलीतून सुबक टक्केवारी निघणार नाही. उत्तरे वाचावी लागतील, त्यांवर दोन परीक्षकांचे मतभेद होतील, मार्गदर्शकाला स्वतःला वाचन करावे लागेल. आपल्याकडे अशा पाहण्या होत नाहीत त्याचे कारण बहुधा हेच आहे. विद्यार्थ्यांच्या किळसेचा त्यात काही दोष नाही.

तेव्हा नैतिकता समित्यांना आणि मार्गदर्शकांना एक विनंती. पुढच्या वेळी एफएमटीवरची प्रश्नावली मंजुरीसाठी समोर आली आणि तिच्यात ‘ऐकले आहे का’, ‘किळस वाटते का’ आणि ‘अभ्यासक्रमात यावे का’ हे तीनच प्रश्न वेगवेगळ्या वेशात असतील, तर ती सही न करता परत पाठवा. सोबत एका कागदावर वरचे तीन रुग्ण लिहून द्या.